मिरीच्या पट्ट्यावरचा दिवा

"मला दिसत नाही, हे खरं आहे. पण म्हणून मी खोटं बोलतो असं होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणीतरी त्या फौजदाराला समजावून सांगा!"

पाहुणे अजून खुर्चीत बसलेही नव्हते. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात पांढरी काठी, आणि आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरावीत.

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "मग रागवा. उभ्याने रागावलं की माणूस निम्मं सांगायचं विसरतो."

भाऊजींनी पाहुण्यांना कोपराला धरून बसवलं आणि वही उघडली. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वहिनींची उमेदीची वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांची तपासणी करण्यात गेली. नंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीला 'खाजगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हापासून टिपणं काढायचं काम भाऊजींकडे होतं. आपली बुद्धी वहिनींच्या दोन पावलं मागे चालते, हे त्यांना मान्य होतं. कधीकधी ती चार पावलं मागे असायची, हे मात्र मान्य नव्हतं.

पाहुणे पियानो जुळवायचं काम करत. सगळं गाव त्यांना सूरवाले म्हणायचं.

"नऊ दिवस झाले," सूरवाले सांगू लागले. "संगीत शाळेतले दोन पियानो जुळवले आणि सहाच्या पुढे निघालो. दिवेलागणीची वेळ. मिरी बरोबर होती."

मिरी ही त्यांची कुत्री. आंधळ्या माणसाला वाट दाखवायचं शिक्षण घेतलेली, सात वर्षं त्यांच्या डाव्या गुडघ्याशी चालणारी.

"काळी कुळकुळीत आहे म्हणतात. म्हणून अंधारायच्या आत मी तिच्या पट्ट्याला दिवा लावतो. चिमट्याचा, एवढासा. प्राण्यांच्या डॉक्टरांनी गावभर वाटले ना, तोच."

भाऊजींनी मान डोलावली आणि मग ती दिसणार नाही हे लक्षात येऊन घाईघाईने "हो, हो" म्हणाले. त्यांच्या पिशवीलाही तसाच एक दिवा अडकवलेला होता. डॉक्टरांच्या त्या मोहिमेनंतर गावातल्या निम्म्या कुत्र्यांच्या गळ्यात आणि डोंगरावर तंबू ठोकायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठपिशवीवर ते लुकलुकताना दिसत.

"डॉक्टरांच्या दवाखान्याच्या जरा अलीकडे मिरी थांबली. पुढे काही आडवं असलं की ती थांबते. मग तिने मला फुटपाथवरून खाली घेतलं. वळताना हात कशाला तरी लागला. पत्रा होता, चांगला गरम. दोन पावलं टाकली असतील, तोच व्हॅनने आम्हाला उडवलं."

त्यांनी प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेतला.

"माझं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मिरीचा मागचा पाय कापावा लागला. जगली ती. डॉक्टर देवमाणूस आहेत. रात्रभर तिच्या उशाशी बसले. मी रोज तिला भेटायला जातो आणि रोज त्यांचे आभार मानतो. पण वाट दाखवायचं काम आता तिच्याच्याने होणार नाही."

त्यांनी खिशातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. मदत करावी म्हणून भाऊजींनी तो हातात घेतला, उघडला, आणि आतले कागद जमिनीवर पसरले.

"उलटा धरलात," सूरवाले म्हणाले. "झाकणावर नख फिरवा. ओरखडा लागेल, ती वरची बाजू. ज्या वस्तूला उलट-सुलट असतं, तिच्यावर मी कानशीने एक रेघ ओढून ठेवतो. तुम्ही डोळ्यांनी शोधाल तर सापडायची नाही."

भाऊजींनी कान लाल करून कागद गोळा केले. एक पोलिसांचा अहवाल होता. 'कुत्रीच्या पट्ट्यावरील दिवा तपासला असता बंद आढळला. आतील सेल पूर्ण संपलेला. सबब अपघात कुत्रीच्या धन्याच्या हलगर्जीपणामुळे घडला.' दुसरं पत्र, मिरीला ज्या संस्थेने शिकवलं तिचं. हलगर्जीपणाचा ठपका कायम राहिला तर दुसरी कुत्री देता येणार नाही, असं त्यात नम्रपणे कळवलं होतं.

"सेल संपलेला!" सूरवाल्यांनी काठी आपटली. "अहो, त्याच दिवशी सकाळी मी तंबूंच्या दुकानातून आणलेला नवा सेल घातला! एका हातात दिवा, दुसऱ्या हातात पेचकस, म्हणून सेल ओठांत धरला, तर तोंड असं कडू जहर झालं की चहा गोड लागेना. आणि संध्याकाळी निघताना दिवा लावून कानाशी धरून पाहिला. लागला होता."

"कानाशी?" भाऊजींनी विचारलं.

"फौजदारानेही असंच विचारलं आणि हसला. म्हणाला, तुम्हाला दिसत नाही, मग दिवा लागलाय हे कसं कळणार? अहो, लुकलुकताना तो बारीक टिकटिकतो. दोनशेवर तारा मी कानाने ओळखतो, आणि ही टिकटिक मला ऐकू येणार नाही?"

वहिनी उठल्या. त्यांनी भाऊजींच्या पिशवीचा दिवा सोडवला, पाठीमागे नेला आणि मग सूरवाल्यांच्या कानाजवळ धरला.

"बंद आहे."

पुन्हा पाठीमागे, पुन्हा कानाजवळ.

"लागला. भरभर लुकलुकतोय."

"आता?"

"हळू लुकलुकतोय. आणि तुमचा हात थरथरतोय, बाई."

"रागाने," वहिनी म्हणाल्या. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा सूरवाले बरोबर निघाले. भाऊजींनी स्वतः दिवा कानाशी धरला. त्यांना स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू आलं नाही.

"तुमचं काम मी घेतलं," वहिनी म्हणाल्या. "आणि एक सांगते. त्या कागदावर जे लिहिलंय, त्यातलं एक वाक्य खरं आहे. सेल संपलेलाच होता. प्रश्न एवढाच, की तो सेल कोणाचा?"

सूरवाले गेल्यावर भाऊजींनी वहीत लिहिलं: 'सेल कोणाचा?' आणि खाली: 'म्हणजे काय?'

*

तंबू, दोर, शिट्ट्या आणि कपाळाला बांधायचे दिवे विकणारा दुकानदार ऐकताच उसळला.

"माझ्या दुकानातला सेल एका दिवसात संपला? कोण म्हणतं? फौजदार? त्याला इकडे पाठवा!"

"इतर दुकानांतही हाच सेल मिळतो का?" वहिनींनी विचारलं.

"मापाने हाच. पण हा लेप नाही मिळायचा." त्याने पाकीट फोडून एक चकचकीत चपटा सेल काउंटरवर ठेवला. "लहान पोरं नि कुत्री असले सेल गिळतात, आणि आतडी जळतात. म्हणून ही कंपनी वर कडू लेप देते. तोंडात गेला की थुंकलाच पाहिजे. वर्ष झालं, मी दुसरा ठेवतच नाही."

वहिनींनी सेल उचलला आणि जिभेला लावला. त्यांचा चेहरा असा झाला की भाऊजी पाण्याचा पेला शोधायला धावले.

"खपतो का फार?" तोंड पुसत त्यांनी विचारलं.

"भरपूर. चिमट्याच्या दिव्यात हाच, स्वयंपाकघरातल्या काट्यात हाच, गाडीच्या किल्लीत हाच. तंबूवाले तर डझनाने नेतात."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "माणूस जरा जास्तच तापला, नाही का वहिनी? एखादं पाकीट खराब निघालं असेल आणि आता सारवासारव चालली असेल."

"खराब सेल संध्याकाळी सहाला टिकटिकला नसता, भाऊजी."

*

व्हॅनचा ड्रायव्हर लाँड्रीच्या मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होता. अपघातापासून मालकाने त्याला गाडीला हात लावू दिला नव्हता. त्याचे डोळे सुजलेले होते.

"दिवा नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं बोलत नाही, बाई. दिवा दिसला असता तर मी ब्रेक मारला नसता का?"

"तुम्हाला कधी दिसले ते?"

"दिसले तेव्हा ते बंपरपुढेच होते. फुटपाथवर एक गाडी चढवलेली होती. उंच, मोठी, काळपट. मी तिच्या बाजूने पुढे सरकलो, आणि तिच्या नाकापुढून ते दोघं एकदम समोर आले."

"कोणाची गाडी?"

"कोण बघतंय? नंतर पोलीस आले तेव्हा तिथे गाडी नव्हतीच. मी फौजदारांना सांगितलं, तर ते म्हणाले, नसलेल्या गाडीचं मला सांगू नकोस."

"कुत्रीला कोणी उचललं?"

"डॉक्टर घोंगडी घेऊन धावत आले. तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत गुंडाळली, आणि मी नि ते मिळून दवाखान्यात नेली. दहा पावलांवर तर आहे. ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. मला म्हणाले, बाकावर बस, हलू नकोस. मी कुठला हलतोय?"

"डॉक्टर पूर्ण वेळ आतच होते?"

"मला काय ठाऊक. मी तोंड झाकून बसलो होतो."

रस्त्यावर येताच भाऊजी ठासून म्हणाले, "हाच! दवाखान्यात एकटा बसला होता. दिवा बंद ठरला तर सुटणारा पहिला माणूस हाच!"

"सुटला असता तर आज चादरींच्या घड्या घालत बसला असता का?" वहिनी म्हणाल्या. "पण मला राग आहे तो त्या फौजदारावर. एक माणूस गाडी पाहिल्याचं सांगतो, दुसरा गरम पत्र्याचं सांगतो, आणि अहवालात दोन्ही नाहीत. का? एक आंधळा आणि दुसरा चादरी वाहणारा!"

*

औषधवाल्या बाईंचं दुकान दवाखान्याला लागूनच होतं. अपघातानंतर सूरवाल्यांना त्यांनीच आपल्या पायरीवर बसवून रक्त पुसलं होतं. दुकानाच्या दारावर नगरपालिकेची नोटीस चिकटवलेली होती. फुटपाथ अडवणाऱ्यांना ती शेवटची ताकीद होती. यापुढे ज्याचं वाहन फुटपाथवर सापडेल, त्याच्या दुकानाचा वा दवाखान्याचा परवाना निलंबित होणार होता.

"दिव्याकडे लक्ष नव्हतं हो माझं," बाई म्हणाल्या. "कुत्री व्हॅनच्या पलीकडे पडलेली. मी या माणसाला धरू की तिला बघू? सूरवाले एकच विचारत होते, दिवा लागलाय ना, दिवा लागलाय ना. पण या रस्त्यावर कोणाचं काही ऐकू येतं का? समोर संगीत शाळेतली कर्णे फुंकणारी पोरं. लाँड्रीची व्हॅन भोंगा दाबत येणार. डॉक्टरांची गाडी तर किल्ली कुलपात घातली रे घातली की बोंब ठोकायची, महिनाभर ऐकलं मी. त्या दिवशी हा माणूस माझ्या पायरीवर कण्हतोय आणि तेव्हाही तिने बोंब ठोकली. इकडे कापूस सापडेना! एक कर्ण्यांच्या पोरांना सुट्टी लागली आणि एक गाडी गप्प झाली, म्हणून हे आठ दिवस जरा बरे गेले."

"कुत्रीबद्दल तुमची काही तक्रार?"

"मिरीबद्दल? अहो, माझ्या दुकानात शिरताना पाय पुसणारं गिऱ्हाईक तेवढं एकच!"

*

डॉक्टर खरोखरच लाघवी होते. पांढरा कोट, मऊ आवाज, हाताशी चहा. मिरी आतल्या पिंजऱ्यात तीन पायांवर उठून उभी राहिली आणि शेपूट हलवू लागली. भाऊजींनी जाळीतून हात घालून तिचं डोकं खाजवलं.

भिंतीवर नवाकोरा फलक होता: 'दिव्याचा सेल दर महिन्याला तपासा. एका कुत्रीने पाय गमावला. तुमची वाचवा.'

"ही मिरीचीच गोष्ट," डॉक्टर म्हणाले. "वाईटातून काही चांगलं निघावं म्हणून लिहिली. सूरवाल्यांना मी दोष देत नाही हं. बिचाऱ्याला दिसत नाही, सेल संपलेला कळणार कसा?"

"दिवा पट्ट्यावरून तुम्हीच काढला?"

"हो. पट्टा काढल्याशिवाय उपचार कसे करणार? काढला तेव्हा बंदच होता. तासाभराने फौजदार आले, त्यांनी लखोट्यात घातला."

"अपघाताच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. चार वाजल्यापासून बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आवाज ऐकला आणि घोंगडी घेऊन धावलो."

"आणि तुमची गाडी?"

"आत, आवारात. नेहमी आतच असते." डॉक्टर हसले. "नोटीस पाहिलीत ना? थांबा, मोहिमेची पत्रकं देतो तुम्हाला. गाडीतच आहेत."

ते ओसरीवर आले आणि तिथूनच त्यांनी किल्लीचं बटण दाबलं. आवाराच्या टोकाला उभी असलेली उंच राखाडी गाडी 'टुक टुक' करून डोळे मिचकावल्यासारखी चमकली. भाऊजींनी जाऊन पत्रकांचा गठ्ठा आणला.

फाटकाबाहेर पडताच वहिनी थांबल्या. मग त्यांनी भाऊजींच्या हातातला गठ्ठा घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"वहिनी! एवढा भला माणूस..."

"भाऊजी, फौजदारांना फोन करा. उद्या अकरा वाजता लखोटा घेऊन इथे या म्हणावं. सूरवाले त्याच वेळी मिरीला भेटायला येतात. ड्रायव्हरलाही बोलवा."

*

दुसऱ्या दिवशी अकराला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. फौजदार घड्याळाकडे पाहत होते. सूरवाले मिरीच्या पिंजऱ्यापासून उठून आले होते आणि नेहमीप्रमाणे डॉक्टरांचा हात हातात घेऊन आभार मानत होते. ड्रायव्हर दाराशी अवघडून उभा होता.

"लखोटा उघडा," वहिनी म्हणाल्या.

फौजदारांनी कुरकुरत तो फोडला. दिवा काढला, मागचं झाकण काढलं, आणि चपटा सेल टेबलावर ठेवला.

वहिनींनी तो उचलून जिभेला लावला.

"अहो, तो पुरावा आहे!" फौजदार ओरडले.

"पुरावाच चाखतेय. बेचव आहे. हवं तर तुम्ही चाखा. सूरवाल्यांनी घातलेला सेल कडू होता. ओठांत धरला तर चहाची चव गेली, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. ज्या दुकानातून त्यांनी तो घेतला, तिथे वर्षभर कडू लेपाचेच सेल विकले जातात. म्हणजे दिवा त्यांचा, पण सेल त्यांचा नव्हे. त्यांचा ताजा सेल काढून कोणीतरी मेलेला घातला."

"मी नाही!" ड्रायव्हर कळवळून म्हणाला.

"तुम्ही नाही. आतल्या खोलीत तुम्हाला कोणी येऊच दिलं नाही. आणि तुम्ही खरंही बोललात. दिवा तुम्हाला दिसला नाही, कारण तो कुत्रीच्या गळ्याच्या उंचीवर होता आणि मध्ये एक उंच गाडी होती; नंतर तो डॉक्टरांच्या घोंगडीखाली झाकला गेला. सूरवालेही खरंच बोलले. दिवा लागलेला होता. दोन खऱ्या माणसांना दहा दिवस एकमेकांविरुद्ध उभं केलं गेलं, कारण तिसऱ्याला त्या गाडीबद्दल कोणी विचारायला नको होतं."

"कोणती गाडी?" फौजदार म्हणाले. "तिथे गाडी नव्हती."

"तुम्ही आलात तेव्हा नव्हती. आधी होती. मिरी फुटपाथवर उगाच थांबली नाही आणि उगाच खाली उतरली नाही. सूरवाल्यांच्या हाताला गरम पत्रा लागला. म्हणजे गाडी नुकतीच येऊन उभी राहिली होती. मग ती हलवली कोणी आणि केव्हा?"

वहिनी वळल्या.

"डॉक्टर, तुमच्या गाडीच्या किल्लीचं बटण महिनाभर चालत नव्हतं. कुलपात किल्ली घालून दार उघडलं की ती चोर समजून बोंब ठोकायची. औषधवाल्या बाई वैतागल्या होत्या. अपघातानंतर, सूरवाले त्यांच्या पायरीवर असताना, तीच बोंब त्यांनी ऐकली. दहा पावलांवरच्या कुत्रीला तर तुम्ही हातांनी आत आणलं होतं. मग गाडी कशाला उघडलीत?"

"औषधं... गाडीत औषधं होती," डॉक्टर म्हणाले.

"काल म्हणालात, चारपासून बाहेर पाऊल टाकलं नाही आणि गाडी नेहमी आवारात असते. चारपासून आवारात उभ्या गाडीचा पत्रा सहानंतर गरम लागत नाही. तुम्ही तेव्हाच आलात, घाईत गाडी फुटपाथवर चढवलीत आणि आत शिरलात. पाठोपाठ धडक ऐकली. पुन्हा गाडी सापडली तर परवाना जाणार होता. ड्रायव्हरला बाकावर बसवून तुम्ही मागच्या बाजूने बाहेर गेलात आणि गाडी आत घेतलीत. परत आलात तेव्हा मिरीच्या गळ्यात दिवा लुकलुकत होता."

फौजदारांनी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं होतं.

"दिवा लागलेला राहिला असता तर प्रत्येकाने विचारलं असतं, मग अपघात झाला कसा? नुसता बंद केला असता तर फौजदारांनी बटण दाबून पाहिलं असतं. तो मेलेलाच हवा होता. त्याच मापाचा मेलेला सेल तुमच्या हातातल्या किल्लीत होता! तो दिव्यात गेला. आणि ताजा? तो फेकून दिला असतात तर मला काही सिद्ध करता आलं नसतं. पण किल्ली समोर उघडी होती आणि महिनाभर गाडीने तुमचा जीव खाल्ला होता. त्या दिवसापासून गाडी बोंबलली नाही. काल ओसरीवरून तुम्ही तिला टुकटुकवलंत."

"मी तो सेल विकत घेतला," डॉक्टर म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता. "त्याच दुकानातून. कडूच असणार तो."

"मग किल्ली द्या की."

डॉक्टर हलले नाहीत. फौजदारांनी हात पुढे केला. शेवटी किल्ली त्यात पडली.

वहिनींनी पेचकसाने ती उघडली आणि सेल सूरवाल्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. "ज्या वस्तूला उलट-सुलट असतं, तिचं तुम्ही काय करता?"

सूरवाल्यांनी अंगठ्याचं नख सेलवरून फिरवलं. एकदाच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझी रेघ आहे," ते म्हणाले. "वरच्या बाजूला, कडेपासून जराशी आत. फौजदारसाहेब, बोट द्या इकडे."

फौजदारांनी बोट दिलं. मग सेल उजेडात तिरका धरून, डोळे बारीक करून पाहिलं. केसाएवढी रेघ होती.

भाऊजींनाही तेव्हा कुठे सगळं उमगलं. डॉक्टरांना दोन डोळे होते आणि सेल त्यांच्या बोटांतून गेला होता, तरी त्यांना ती रेघ दिसली नव्हती. अशा माणसाच्या शब्दावर अहवाल लिहिला गेला होता.

"हे पाहा," डॉक्टर घाईने बोलू लागले, "मी मिरीला वाचवलं. रात्रभर जागलो. सूरवाले, तुम्हाला ठाऊक आहे. क्षणभर घाबरलो, एवढंच. कोणाचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं."

"क्षणभर?" सूरवाल्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, आणि तो ऐकून ड्रायव्हर मागे सरला. "दहा दिवस! दहा दिवस मी इथे येऊन तुमचा हात धरत होतो. मी स्वतःला विचारत होतो, खरंच माझं चुकलं का? माझ्याच कानाने मला फसवलं का? कान गेला तर माझ्याकडे राहतं काय? आणि तुम्ही माझ्या कुत्रीच्या पायाचा फलक करून भिंतीला लावलात! पाय वाचवता आला नाही, ते मी सोडून देईन. गाडीही सोडून देईन. पण मी तुमचे आभार मानले, डॉक्टर. रोज मानले. ते मला परत हवेत."

डॉक्टर टेबलाच्या कडेला धरून खाली बसले. कोणी त्यांना पाणी दिलं नाही.

ड्रायव्हर पुढे आला आणि सूरवाल्यांसमोर उभा राहिला. सूरवाल्यांनीच त्याचा दंड चाचपून थोपटला.

फौजदारांनी नवा कागद काढला. "मी नव्याने लिहितो. लगेच. संस्थेलाही प्रत जाईल."

"आज जाईल," वहिनी म्हणाल्या. "आणि गाडीचं सांगणाऱ्या या माणसाला तुम्ही गप्प केलंत, तेही त्यात येईल."

फौजदारांनी मान खाली घातली आणि लिहू लागले. लिहिता लिहिता पुटपुटत होते. "...फुटपाथवर गाडी असल्याने सदर इसम कुत्रीसह रस्त्यावर उतरला..."

"थांबा," सूरवाले म्हणाले. "उतरला नाही. त्याला उतरावं लागलं. तसं लिहा."

फौजदारांनी शब्द खोडला आणि वर नवीन लिहिला.

"आता वाचून दाखवा," सूरवाले म्हणाले. "पहिल्यापासून. आणि मोठ्याने."